मनी, गुंड्या आणि आईच्या कादंबऱ्या

वाचकाचं पत्र

माझं वय ६१. आई गेल्यावर तिच्या कपाटातल्या दोनेकशे कादंबऱ्या माझ्याकडे आल्या. बऱ्याचशा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या आवृत्त्या, प्रत्येकीच्या पहिल्या पानावर आईची सही आणि तारीख. घरात अकरा वर्षांची मनी मांजर आहे आणि तीन महिन्यांपूर्वी आणलेलं गुंड्या नावाचं कुत्र्याचं पिल्लू, आता पाच महिन्यांचं. मनी, गुंड्या आणि ते कपाट, तिघांवर माझा सारखाच जीव. पण महिनाभरात सगळं बिनसलं. मनीने खालच्या कप्प्यात दोनदा लघवी केली. परवा गुंड्याने आईची सर्वांत आवडती कादंबरी फाडली. पुठ्ठा चावून टाकला, सहीचं पान अर्धं गेलं. मी त्याला जोरात फटका मारला. तो कोपऱ्यात मान खाली घालून बसला आणि मला रडू फुटलं. पुस्तकासाठी रडले की त्याच्यासाठी, अजून कळलेलं नाही. वास जावा आणि दोघं लांब राहावीत म्हणून आता कप्प्यांत डांबरगोळ्या ठेवल्यात. मुलगा म्हणतो, पुस्तकं ग्रंथालयाला दे, नाहीतर प्राणी कुणाला तरी दे. शेजारची नववीतली मुलगी रोज गुंड्याशी खेळायला येते. हल्ली ती कपाटासमोर रेंगाळते, एखादं पुस्तक वाचायला मागते. द्यायला मन धजत नाही. मी काय सोडू?

उत्तर

प्रिय ताई,

काहीच सोडू नका. पण पुढचं वाचण्याआधी उठा आणि त्या डांबरगोळ्या सगळ्याच्या सगळ्या बाहेर काढा. त्यांतलं नॅफ्थलीन कुत्र्या-मांजरांना विषारी असतं. ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, यकृतावर परिणाम करतं, आणि मांजरांना त्याचा त्रास कुत्र्यांपेक्षा लवकर होतो. त्यात घरात दिसेल ते तोंडात घालणारं पाच महिन्यांचं पिल्लू आहे. पांढरी, गोल, गडगडणारी गोळी म्हणजे त्याच्या दृष्टीने खेळणंच. एकही गोळी गायब असल्याची शंका आली, किंवा दोघांपैकी कुणी मलूल दिसलं, उलट्या झाल्या, हिरड्या फिकट वाटल्या, तर वाट न बघता पशुवैद्याकडे जा. गोळ्यांच्या जागी कापूरही ठेवू नका, तोही त्यांना बाधतो. कपाट उघडं ठेवून खोलीत भरपूर वारा खेळू द्या, आणि वास पुरता जाईपर्यंत दोघांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

आता मनीबद्दल. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी तिची वाटली. तुम्ही तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंत आणि पुढे गेलात, कारण गुंड्याचा प्रकार ताजा होता. पण दहा वर्षं ठरलेल्या जागी जाणारी मांजर अकराव्या वर्षी अचानक कपाटात लघवी करते, तेव्हा ती बहुधा आजारी असते. या वयात मूत्रपिंडं थकायला लागतात, मधुमेह होऊ शकतो, थायरॉइड वाढतो, मूत्राशयाला सूज येते. सांधे दुखत असतील तर शौचाच्या उंच काठाच्या ट्रेमध्ये चढणंसुद्धा तिला नकोसं होतं. मांजरं दुखणं लपवण्यात पटाईत. ती पूर्वीपेक्षा जास्त पाणी पिते का, वजन उतरलंय का, उडी मारण्याआधी क्षणभर थांबते का, हे दोन दिवस नीट बघा आणि याच आठवड्यात रक्ताची व लघवीची तपासणी करून घ्या. सारखी ट्रेमध्ये जाऊन बसते आणि लघवीचे थेंबच पडतात किंवा काहीच होत नाही असं दिसलं, तर मात्र आठवड्याचीही वाट बघू नका, त्याच दिवशी न्या.

तपासणीत काही निघालं नाही तर प्रश्न गुंड्याचा आहे, म्हणजे त्याच्या येण्याचा. दहा-अकरा वर्षं ते घर तिचं एकटीचं होतं. आता ट्रेकडे जायच्या वाटेवर एक उड्या मारणारं, भुंकणारं पिल्लू असतं, आणि ट्रेमध्ये बसलेली मांजर स्वतःला फार असुरक्षित समजते. तिला दोन ट्रे द्या, वेगवेगळ्या खोल्यांत, एक तरी अशा जागी जिथे गुंड्या पोहोचणार नाही. काठ बुटका हवा. उंचावर बसायला जागाही द्या, खिडकीशेजारची चालेल किंवा कपाटाचा माथाही, पण वर चढायला मध्ये एखादी पायरी हवी. कपाटाचा खालचा कप्पा एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा. साध्या साबणाने आपल्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, पण लघवीतल्या युरिक आम्लाचे स्फटिक लाकडात राहतात, हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो आणि मनीला तीच जागा पुन्हा खुणावते. अमोनियाचा वास असलेलं काहीही वापरू नका, तिला तो लघवीसारखाच वाटतो.

माणसाची पोथी आणि मांजराची लघवी हे भांडण जुनं आहे. १४२० च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर इथल्या एका लेखनिकाने रात्री हस्तलिखित उघडं ठेवलं आणि सकाळी पाहतो तर पान मांजराने खराब केलेलं. त्याने ते पान पुढे कोरंच सोडलं, त्यावर मांजराचं चित्र काढलं, डागाकडे बोट दाखवणारे हात काढले, लॅटिनमध्ये मांजराला शाप दिला आणि वाचणाऱ्यांना बजावलं की मांजरं फिरतात तिथे रात्री पुस्तक उघडं टाकू नका. ते हस्तलिखित जर्मनीतल्या कोलोन शहराच्या संग्रहातलं आहे. सहाशे वर्षांत या सल्ल्यात बदल करावा असं काही मला सापडत नाही.

गुंड्याचं त्या मानाने सरळ आहे. तो दात बदलतोय. पिल्लांचे अठ्ठावीस दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सात महिन्यांचं होईपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, दुखतात, आणि चावल्याने आराम पडतो. मग नेमकं आईचंच पुस्तक का? जुन्या बांधणीत सरस आणि खळ असते. सरस जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, खळ पिठाची. आपल्याला फक्त जुन्या पुस्तकाचा वास येतो, त्याला तिथे खाण्याचा वास येतो. शिवाय ती आईची सर्वांत आवडती कादंबरी, म्हणजे बहुधा तुम्हीही सर्वांत जास्त हाताळलेली. तुमच्या हाताचा वास त्या पुस्तकाला सर्वांत जास्त असणार. माझा तर्क असा की त्याने घरातली तुमच्या सर्वांत जवळची वस्तू निवडली.

त्याची ती खाली घातलेली मान. तुम्हाला वाटलं त्याला चूक कळली. अ‍ॅलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. मनाई केलेला खाऊ खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या, दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांना मालकांनी रागावून पाहिलं. अपराधी चेहरा दिसला तो रागावण्यामुळे. कुत्र्याने खरोखर काही केलं होतं की नव्हतं, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे गुंड्याला पुस्तकाचं काही कळलं नाही. तुम्ही चिडलात एवढंच कळलं, आणि तो घाबरला. नंतर दिलेल्या माराचा उपयोग शून्य, भीती मात्र राहते. तुम्ही एकदा मारलंत म्हणून तो आयुष्यभर मनात धरून बसणार नाही. रोजच्या शांत वागण्याने ते पुसलं जातं. पण पुन्हा हात उचलू नका.

हात उचलायची वेळच येणार नाही अशी व्यवस्था करा. तुमची नजर नसेल तेव्हा गुंड्या त्या खोलीत नसला पाहिजे, दाराला आडवं फाटक लावा. चावायला त्याच्या वयाची कडक रबरी खेळणी द्या. ओला कपडा पिळून, गाठ मारून, फ्रीझरमध्ये थंड करून दिलात तर हिरड्यांना फार बरं वाटतं, फक्त तुम्ही समोर असताना द्या आणि धागे सुटायला लागले की काढून घ्या. जुन्या वह्या, रद्दी किंवा फाटक्या चपला मात्र खेळायला देऊ नका. ही रद्दी आणि हा वारसा, असा फरक त्याला करता येत नाही.

एक गोष्ट तपासायची राहिली असेल तर आज तपासा. जुनी पुस्तकं दोऱ्याने शिवलेली असतात. त्या फाडलेल्या कादंबरीच्या शिवणीचा दोरा जागेवर आहे का? कागदाचे तुकडे बहुतेक वेळा पोटातून निघून जातात, पण लांब दोरा आतड्यात अडकला तर जिवावर बेततं, आणि मांजर तर दोऱ्याच्या मागेच असते. दोघांपैकी कुणाच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या.

आता त्या पुस्तकाकडे येऊ. तुम्ही विचारलंत, कुणासाठी रडलात. आईचं अक्षर पुन्हा कधी नव्याने उमटणार नाही, त्यासाठी रडलात. आणि जे पिल्लू तुमच्याकडे पूर्ण विश्वासाने आलं त्याला मारलंत, त्यासाठीही. दोन्ही खरं आहे. त्यातलं एक निवडून दुसऱ्याची लाज वाटून घेऊ नका.

सगळे तुकडे, अगदी नखाएवढेसुद्धा, गोळा करून एका कागदी पाकिटात ठेवा. सेलोटेप लावू नका, कितीही मोह झाला तरी. तिचा चिकट थर काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो, मग तो काढायला गेलं की शाईसकट निघतो. कागदाचं जतन करणारे लोक पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने फाटलेलं पान सांधतात. असा माणूस मिळाला तर सहीचं पान त्याच्याकडे द्या. साध्या बाइंडरकडे देणार असाल तर तीन गोष्टी ठणकावून सांगा: कडा कापून सारख्या करू नका, जुना पुठ्ठा फेकू नका, पानं लॅमिनेट करू नका. कडा कापताना बाइंडरने समासातल्या पेन्सिलीच्या खुणा सहज उडवून टाकलेल्या असतात, आणि आईने समासात काही लिहिलं असेल तर ते तुम्हाला कळेपर्यंत कचऱ्यात गेलेलं असतं. मनीने भिजवलेल्या पुस्तकांबद्दल मात्र कठोर व्हा. सहीचं पान जपून बाजूला काढा, सुकवा, आणि बाकीचं पुस्तक जाऊ द्या. कागदात मुरलेली लघवी घरच्या उपायांनी निघत नाही.

अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकच्या सेटर जातीच्या पिल्लाने १९३६ मध्ये त्याच्या हस्तलिखिताचा जवळजवळ अर्धा भाग फाडून टाकला. दुसरी प्रत नव्हती. दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं, आणि ते पुस्तक १९३७ मध्ये ‘ऑफ माइस अँड मेन’ म्हणून बाहेर आलं. तुमच्या हातून जे गेलं ते छापील पुस्तक आहे. तीच कादंबरी दुसऱ्या आवृत्तीत, जुन्या पुस्तकांच्या बाजारात मिळू शकते. अर्ध्या सहीचं पान तेवढं वेगळं. ते जसं आहे तसं, दातांच्या खुणांसकट जपा. तुमच्या घरात आई, तुम्ही आणि गुंड्या एकत्र असल्याचा तो एकमेव कागद आहे.

दोनशे पुस्तकांतल्या बाकीच्या सह्या अजून शाबूत आहेत. त्यांचे फोटो काढून ठेवा. हे काम एकटीने करू नका. त्या नववीतल्या मुलीला बोलवा. ती मोबाइल धरेल, तुम्ही पानं उघडाल, आणि प्रत्येक पुस्तकाबरोबर आईने ते कुठल्या वर्षी घेतलं, तेव्हा तुम्ही केवढ्या होतात, हे आपसूक तोंडातून निघेल. पुस्तक वाचायला देण्याची सुरुवात तिथेच होते. मुलगी शीर्षकांवरून पुस्तक निवडत नसते, ते पुस्तक हातात घेताना तुमचा चेहरा कसा झाला यावरून निवडते.

मूळ प्रती मात्र तिला घरी देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि यात कंजूषपणा नाही. विसाव्या शतकातल्या पुष्कळ कादंबऱ्या लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापल्या आहेत. त्या लगद्यात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो आणि कागद बनवताना तुरटी वापरलेली असते. त्यातून कागदात आम्ल तयार होतं, पानं तपकिरी पडतात, घडीवर तुटतात. अशी प्रत दप्तरात कोंबली की संपली. तीच प्रत तुमच्या घरात, मांडीवर उशी घेऊन, पूर्ण न उलगडता काटकोनात उघडली तर अजून बरीच वर्षं वाचता येईल. तेव्हा कपाटाचे दोन भाग करा. आईच्या खुणा असलेल्या प्रती घरातच वाचायच्या. त्यांतल्या ज्या तुम्हाला इतरांनी वाचाव्यात असं मनापासून वाटतं, त्यांच्या नव्या प्रती घ्या, आणि त्या मोकळ्या हाताने द्या. परत आल्या नाहीत तरी वाईट वाटू नये अशा.

पहिली कादंबरी कोणती द्यावी? तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न पत्रात आहेच. आईची सर्वांत आवडती देऊ नका. ती आवडली नाही तर तुम्हाला लागेल, आणि मुलीला ते दिसेल. जी तुम्ही स्वतः चौदाव्या-पंधराव्या वर्षी जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचली होती, ती द्या. जुन्या कादंबऱ्या हळू उघडतात. पहिली वीस-पंचवीस पानं गाव, घराणं, पाऊस, असंच चालतं, आणि आजची मुलं तिथेच पुस्तक मिटतात. म्हणून पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा. तुम्हाला त्या भाषेचा ताल येतो, कुठे थांबायचं ते येतं. एकदा तो ताल कानात बसला की पुढचं ती स्वतः वाचेल. वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नका, बोध विचारू नका. तिने अर्ध्यात सोडली तर दुसरी काढा. आणि ज्या कादंबरीत कुत्रा किंवा घोडा मरतो, ती देताना आधी सांगा. जुन्या लेखकांनी प्राण्यांचे मृत्यू अगदी सविस्तर लिहिले आहेत. गुंड्याच्या गळ्यात हात टाकून बसणाऱ्या मुलीला ते पान एकटीने भेटू नये, त्या वेळी तुम्ही शेजारी असा.

वाचताना दोघं प्राणीही खोलीत असू द्या, म्हणजे तुमच्या नजरेसमोर. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत असा उपक्रम सुरू झाला की मुलांनी प्रशिक्षित कुत्र्यांना पुस्तकं वाचून दाखवायची. कुत्रा चुका काढत नाही, मध्येच हसत नाही, त्यामुळे अडखळणारी मुलंही मोठ्याने वाचायला धजावतात. पुढे तो अनेक देशांत पसरला. गुंड्याला तेवढी शिस्त यायला वेळ लागेल. आधी त्याला फिरवून, दमवून आणा, चावायला खेळणं द्या, मग वाचायला बसा. सारख्या, शांत आवाजात पिल्लं बऱ्याचदा झोपी जातात. मनी बहुधा उघड्या पानावरच येऊन बसेल. तुमचं सगळं लक्ष ज्या चौकोनाकडे आहे तिथे बसलं की लक्ष मिळतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे. शेजारी मऊ पांघरूण घातलेलं एक खोकं ठेवा, ती तिथे बसली की पाठीवरून हात फिरवा. उबदार, आखूड कडांची जागा मांजरांना आवडते, आणि हळूहळू ती पुस्तक सोडून खोक्याकडे वळेल.

मुलावर रागावू नका. त्याच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे: वास येतोय, आई रडतेय आणि घरात रोज काहीतरी घडतंय, हे त्याला बघवत नाही. तो उपाय चुकीचा सुचवतोय, पण काळजी खोटी नाही. त्याला दोन कामं सांगा. मनीला तपासायला नेताना बरोबर यायचं, म्हणजे डॉक्टर काय म्हणतात ते त्याच्याही कानावर पडेल. आणि कपाटाला काचेची सरकती दारं बसवून घ्यायची. दारांना वरखाली थोडी फट हवी, नाहीतर आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं, थेट ऊन पडत असेल तर जागा बदलायची, आणि पुस्तकं फार दाटीने लावायची नाहीत. खालचा कप्पा, जमिनीलगतचा, कायमचा पुस्तकांविना ठेवा. तिथे गुंड्याची खेळणी राहू द्या.